पिंजऱ्यातली धाप

हरिसिंगचं सारं आटोपून पाव्हणे आपापल्या गावी गेले, त्याच दिवशी संध्याकाळी घरात त्याची शिटी वाजली.

रुपीबाई चुलीपुढं बसली होती. पडवीतून दोन सुरांची शिटी आली. पहिला सूर खालचा, दुसरा वरचा आणि जरा लांबवलेला. दारव्ह्याहून काळीपिवळी जीप घेऊन तिचा नवरा हरिसिंग परतायचा तेव्हा तांड्याच्या तोंडाशी गाडी लावून तो अशीच शिटी वाजवायचा. चहा ठेव, एवढाच तिचा अर्थ. रुपीबाईच्या हातांनी गंजात पाणी ओतलं, साखर टाकली, पत्तीचा डबा उघडला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की चहा प्यायला कोणी येणार नाही.

शिटी बादलनं वाजवली होती. बादल म्हणजे हरिसिंगनं यवतमाळच्या दुकानातून हौसेनं आणलेला पक्षी. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या. दुकानदारानं त्याचं नाव कॉकाटील सांगितलं होतं, तांड्यातले लोक त्याला बिलायती मिठू म्हणत. बोलायला तो कधी शिकला नाही, पण कानावर पडलेला आवाज नेमका उचलायचा. गाडीचा हॉर्न, शेजारच्या बकरीचं ओरडणं, कुकर. आणि सगळ्यात आवडती हरिसिंगची शिटी.

माणूस गेल्यावर त्याची शिटी ऐकणं अवघड असतं, पण रुपीबाईनं ते सोसलं असतं. पुढं जे आलं ते वेगळं होतं.

हरिसिंगची छाती वर्षभर खराब होती. उन्हाळ्यापासून तर तो पडवीतल्या बाजेवरून उठलाच नाही. बाजेच्या डोक्याशी बादलचा पिंजरा टांगलेला. श्वास आत जाताना घरघर व्हायची, बाहेर येताना बारीक सूं असा आवाज, आणि शेवटी एक तुटका हुंकार. ही धाप दिवसभर चालायची. सारा पावसाळा घरात दुसरा आवाज नव्हता. पोळा झाला आणि ती थांबली.

दिवस जरा गार होऊ लागले होते. एका सकाळी रुपीबाई अंगण झाडत होती. पडवीतून घरघर आली. मग सूं. मग तुटका हुंकार. तिच्या हातातला खराटा गळून पडला. ती पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बाज रिकामी होती. आवाज बाजेच्या डोक्याशी, हरिसिंगच्या तोंडाच्या उंचीवर होता, आणि तो थांबत नव्हता.

हरिसिंगचा चुलतभाऊ धावजी न बोलावताच आला. तांड्यात त्याचा शब्द चालायचा. तो पिंजऱ्यापुढं उकिडवा बसला, बराच वेळ ऐकत राहिला. रुपीबाई पदर तोंडावर ओढून दाराआड उभी होती.

"हरिया गेला नाई, बाई," तो शेवटी म्हणाला. "दमात अडकून राह्यला तो."

पक्षी दूर रानात नेऊन सोडावा, म्हणजे हरिया सुटेल, असं त्याचं म्हणणं पडलं. रुपीबाईनं दाराआडूनच नाही म्हटलं. धावजीनं पुन्हा सांगून पाहिलं, समजावून पाहिलं, पण ती ऐकेना. तो गेला आणि जाताना गल्लीत चार जणांशी बोलला. त्यानंतर शेजारची पोरं तिच्या अंगणात चेंडू आला तरी न्यायला येईनात. दूधवाला दुधाची पिशवी कुंपणाच्या काडीला अडकवून परत फिरू लागला. दिवेलागणीला तिच्या घरावरून जाणारी माणसं बोलणं थांबवून, पाय उचलून चालू लागली.

रुपीबाईला मात्र भीती वाटली नाही. घर रिकामं नव्हतं. धाप जास्त लागली की ती पिंजऱ्याच्या सळ्यांवर हात फिरवायची, जसा हरिसिंगच्या पाठीवर फिरवायची. कोणाच्या वावरात कापूस फुटला, कोणाची सून माहेरी गेली, हे ती त्याला सांगायची. हरिसिंगला शेवटी शेवटी चहा आणि टोस्टशिवाय काही उतरत नव्हतं आणि त्याच्यापुढं बसून भाकर खायची तिची इच्छा मेली होती. ती सवय तशीच राहिली. ती चहात टोस्ट बुडवून खायची आणि बादलच्या वाटीत सूर्यफुलाच्या बिया टाकायची.

दिवाळीला अंजू आली. अंजू तिची एकुलती एक, यवतमाळला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. दारात बॅग ठेवली आणि तिच्या कानावर बापाचा श्वास आला. पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं आईकडं पाहिलं, तर रुपीबाई हसत होती.

"आयकलं? मी तुले फोनवर सांगतलं नाई. म्हटलं, येऊन आपल्या कानानं आयक."

अंजू त्या दिवशी पडवीत गेली नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात मनाचा हिय्या करून ती पिंजऱ्याजवळ बसली, आणि तिला काही गोष्टी दिसल्या. प्रत्येक श्वासाबरोबर पक्ष्याची शेपटी खाली-वर होत होती. पिसांची चमक गेली होती. एका डोळ्याभोवती सूज होती. तिनं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. यवतमाळला परतल्यावर ते तिनं पक्षी विकणाऱ्या एका दुकानदाराला दाखवलं. त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं करून सांगितलं की व्हिटॅमिन कमी पडलं, हे थेंब पाण्यात टाका. अंजूनं बाटली तांड्यावर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली आणि आईला फोनवर बजावलं, वाटीभर पाण्यात दोन-तीन थेंब, जास्त नाही.

रुपीबाईनं बाटली हातात घेतली तेव्हा तिच्या मनात पक्षी नव्हता. हरिसिंगसाठी शेवटच्या दिवसांत तिनं डॉक्टरकडं ताकतीचं औषध मागितलं होतं. डॉक्टरनं मान हलवली होती, आता त्यानं काही व्हायचं नाही म्हणून. तरी तिनं विनवण्या करून गोळ्यांची एक पट्टी लिहून घेतली होती. त्यातल्या दोनच त्याच्या पोटात गेल्या. बाकीची पट्टी भिंतीतल्या देवळीत तशीच पडली होती. आता औषध पुन्हा हातात आलं होतं आणि कोणी नको म्हणत नव्हतं. तिनं दोन-तीन थेंब टाकले, मग आणखी टाकले, मग झाकणभर ओतलं. काही दिवसांनी देवळीतली पट्टी काढून एक गोळी कुटली आणि तीही पाण्यात कालवली.

पाणी पिवळं झालं. त्याला उग्र वास येऊ लागला. बादल वाटीशी यायचा, चोच लावायचा आणि मान फिरवायचा. दिवसभर पिसं फुगवून डोळे मिटून बसायचा. धाप मात्र वाढली. पूर्वी ती थांबून थांबून यायची, आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागलेली असायची. आणि रुपीबाईला, सांगायला नको पण, बरं वाटलं. हरिसिंग जवळ येऊन राह्यला, असं तिला वाटलं. औषध लागू पडून राह्यलं.

मग एका संध्याकाळी शिटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी बादल दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, कोपऱ्याला अंग टेकून. हरिसिंगचंही असंच झालं होतं. बाजेवर उठून बसणारा माणूस एक दिवस भिंतीला टेकला होता आणि पुन्हा सरळ झाला नव्हता. रुपीबाईनं फोन लावला.

"अंजू, तुह्या बापाले पुन्हा तसंच व्हायले लागलं," ती म्हणाली.

अंजू म्हणाली की मी उद्या सकाळी येते, तू त्याला काही देऊ नको, नुसतं साधं पाणी ठेव.

अंजूनं यवतमाळला पक्ष्यांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाई शोधून ठेवल्या होत्या. हरिसिंगच्या चादरीत पिंजरा गुंडाळून दोघी मायलेकी काळीपिवळीत बसल्या. गाडी पूनमसिंगची होती. त्याला स्टिअरिंग धरायला हरिसिंगनं शिकवलं होतं. गाडी भरलेली, लोक गप्पा मारत होते. दारव्हा सुटलं, रस्ता जरा मोकळा झाला, आणि चादरीतून घरघर येऊ लागली. सूं. हुंकार. मागच्या सीटवरच्या बाईनं पाय जवळ घेतले. हळूहळू गाडीतलं सगळ्यांचं बोलणं बंद पडलं. पूनमसिंगनं आरशात पाहिलं. त्यानं वाजत असलेलं गाणं बंद केलं. यवतमाळच्या स्टँडवर दोघी उतरल्या तेव्हा तो गाडीतून खाली आला. रुपीबाईच्या हातातल्या चादरीत गुंडाळलेल्या पिंजऱ्याला त्यानं दोन्ही हात जोडले.

डॉक्टर दीपमाला अंजूच्याच वयाच्या होत्या. त्यांनी रुमालात धरून बादलला बाहेर काढलं, हळूच चोच उघडून आत बॅटरी मारली आणि अंजूला जवळ बोलावून दाखवलं. तोंडात वरच्या बाजूला दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. हा काय खाते, त्यांनी विचारलं. सूर्यफूल, रुपीबाई म्हणाली. आणखी? सूर्यफूलच. पहिल्यापासून? नाही, आधी आमचे मालक गाडीवरून आले की डब्यातली उरलीसुरली पालेभाजी, गाजराचा तुकडा याला चारायचे. ते बाजेला लागले तेव्हापासून नुसतं बी. त्यांचं करता करता दुसरं सुचत नव्हतं.

थेंबांचं अंजूनं सांगितलं. किती देऊन राह्यल्या, डॉक्टरनं विचारलं, तेव्हा रुपीबाईनं झाकण दाखवलं. मग गोळ्यांचंही तिनं आपणहून सांगितलं. अंजूनं तोंडावर हात ठेवला.

"पण हा बिमार नाई, बाई," रुपीबाई म्हणाली. "हा माह्या मालकाचा दम हाय. हा त्याहिच्याजवळच राहे. साऱ्या तांड्याले मालूम हाय."

डॉक्टर हसल्या नाहीत. कानातली नळी त्यांनी काढली, रुपीबाईच्या कानाला लावली आणि दुसरं टोक बादलच्या छातीवर धरलं. रुपीबाईला आधी काही कळलंच नाही. मग एक इवलंसं काळीज धावताना ऐकू आलं, इतक्या वेगानं की ठोके मोजता येऊ नयेत. आणि त्याच्याखाली तीच घरघर होती. पण इथून ती हरिसिंगची वाटत नव्हती. ती ओली, बारीक आणि घाबरलेली होती.

"नक्कल करायची तर पाखरू थांबते, मनात आलं तर पुन्हा करते," डॉक्टर म्हणाल्या. "हा आवाज एकेक श्वासाले येऊन राह्यला. झोपेतही येत असन. येते ना?"

रुपीबाईनं मान हलवली. येत होता.

"मग हा कोणाची नक्कल नाही करून राह्यला, मावशी. याले श्वास घेता येत नाही."

अंजूनं विचारलं की मग व्हिटॅमिन द्यायचं की नाही, दुकानदार तर कमी पडलं म्हणत होता. दुकानदाराचं निदान चुकलं नाही, इलाज चुकला, असं डॉक्टरनी सांगितलं. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला ए व्हिटॅमिन मिळत नाही. मग तोंडाची, नाकाची, श्वासनळीची आतली कातडी जाड होते आणि तिथं रोग धरतो. पण पाण्यात थेंब टाकले की पाण्याची चव बदलते, पक्षी पाणी प्यायचं सोडतो, आणि उरलेलं उन्हानं वाया जातं. झाकणभर ओतलं तर दुसरंच संकट. हे व्हिटॅमिन अंगात साठून राहतं, जास्त झालं की लिव्हर आणि किडनी बिघडवतं. माणसाची गोळी तर या मूठभर जीवाला विषासारखी. ते पाणी फारसं प्यायला नाही म्हणून वाचला.

"रोज नीट खाणाऱ्या पाखराले बाटलीतलं काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "याले आता थोडे दिवस मी मोजून देईन, कारण हा रिकामा झाला आहे. पुढचं याच्या ताटातून आलं पाहिजे."

ताटात काय, तर गाजर, शिजवलेलं लाल कोहळं, मेथी, पालक, शेवग्याचा पाला, सांभार म्हणजे कोथिंबीर. सूर्यफूल एकदम बंद करायचं नाही, नाहीतर उपाशी मरेल, हळूहळू कमी करून त्यात राळं आणि बाजरी मिसळायची. रुपीबाईनं विचारलं, यानं पाल्याला तोंडच नाही लावलं तर. डॉक्टर बादलला पिंजऱ्यात ठेवत होत्या.

"हे थव्यात राहणारं पाखरू आहे, मावशी. आपलं माणूस खाते ते पाहून खाते. तुमच्या घरी याच्यापुढं बसून कोण जेवते?"

अंजूनं आईकडं पाहिलं. काचोळीच्या बाह्या दंडावर किती सैल झाल्या होत्या, हे तिला त्या दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली पहिल्यांदा दिसलं.

परतीच्या वाटेवर रुपीबाईनं चादर उघडून पिंजरा मांडीवर घेतला. घरी आल्यावर तिनं तो पडवीत टांगला नाही, आत चुलीजवळ ठेवला. मग पडवीत जाऊन ती बाजेवर बसली. इतके दिवस आपण कोणाशी बोललो, हे तिला आठवत होतं. कापसाचं सांगितलं, सुनांचं सांगितलं, पाठीवर हात फिरवला. आणि त्या वेळी सळ्यांच्या आत एक पाखरू श्वासासाठी झगडत होतं आणि तिला त्याचा आनंद होत होता. माणूस गेला त्या दिवशी लोकांची गर्दी होती, म्हणून तिला नीट रडता आलं नव्हतं. आता तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडली. नंतर तिनं बाज उचलून भिंतीला उभी केली.

अंजूनं सुट्टी काढली होती. डॉक्टरनं दिलेलं औषध ती सुईविना सिरिंजनं थेंब मोजून बादलच्या चोचीत घालायची. चारण्याचं काम रुपीबाईनं घेतलं. तिनं पिंजऱ्यासमोर ताट घेऊन बसायचं, आणि ताटात जे असेल त्यातलं थोडं वाटीत. पहिल्या दिवशी बादलनं मेथीची काडी चोचीनं उचलून बाहेर फेकली. रुपीबाईनं आपल्या ताटातली मेथी कच्चीच खाल्ली. दातांनी गाजर चाववत नव्हतं, तरी चावलं. कोहळं उकडून खाल्लं, शेवग्याचा पाला भाकरीसोबत खाल्ला. तो बघायचा, मान तिरपी करायचा, आणि सूर्यफुलाची बी शोधायचा. तिचं जेवण मात्र रोज होऊ लागलं, नाइलाजानं का होईना. सुट्टी संपून अंजू परत गेली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आलेला होता.

त्यानंतर एका दुपारी रुपीबाई पालक निवडत होती आणि जाता जाता एक पान तोंडात टाकत होती. बादल सळ्यांशी आला. तिनं पान पुढं केलं. त्यानं कडेचा बारीक तुकडा तोडला, चोचीत घोळवला आणि गिळला. मग दुसरा तोडला. ती श्वास रोखून बसून राहिली.

धाप उतरत गेली. आधी हुंकार गेला, मग सूं गेलं, मग घरघर फक्त झोपेत उरली. आणि एका पहाटे रुपीबाईला जाग आली ती कसल्या आवाजानं नव्हे. घरात काहीच ऐकू येत नव्हतं. ती अंधारात चाचपडत पिंजऱ्याशी गेली. बादल एका पायावर उभा राहून झोपला होता. छाती हलत होती, पण आवाज नव्हता. तिनं कान सळ्यांना लावला, तरी नव्हता. कौलांवर दव पडत होतं ते ऐकू येत होतं. एवढ्या महिन्यांत तिला पहिल्यांदा आपल्या घराची भीती वाटली. ती उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिली.

तांड्यात बातमी गेली. दूधवाला दारापर्यंत येऊ लागला. पोरं चेंडू न्यायला आली. धावजी म्हणाला, सुटला शेवटी हरिया.

संक्रांतीच्या आधी डॉक्टर दीपमालांनी बादलला पुन्हा तपासलं. तोंड साफ, डोळा साफ, वजन वाढलेलं. छाती ऐकून त्यांनी नळी काढली आणि औषधाचे थेंब बंद करायला सांगितले. आता हा तुमच्या ताटावर जगेल, म्हणाल्या.

संक्रांतीला अंजू घरी होती. दुपारचं ऊन पडवीत पसरलं होतं आणि पिंजरा पुन्हा आपल्या जागी टांगलेला होता. धावजी तिळगूळ घ्यायला आला होता, भिंतीला टेकून चहा पीत होता. अंजू सांगत होती की डॉक्टरनं आता सगळं ठीक सांगितलं. रुपीबाई खाली बसून सांभार निवडत होती.

तेवढ्यात पिंजऱ्यातून कोणीतरी घसा खाकरला.

ती धाप नव्हती, खोकलाही नव्हता. बिमारीच्या कितीतरी आधी, अंगात जोर होता तेव्हा, काही महत्त्वाचं बोलायचं असलं की हरिसिंग आधी असा घसा साफ करायचा. एकदाच, हळू, आणि मग थोडा वेळ थांबायचा. अंजूला शिकायला बाहेर ठेवायचं ठरवलं तेव्हा तो असाच खाकरला होता. खोकल्यानं छाती धरली तेव्हापासून तो आवाज त्याच्या गळ्यातून गेला होता. घरातल्या कोणालाही त्याची आठवण राहिली नव्हती.

अंजूचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. धावजीनं कप ओठांपासून खाली घेतला.

"दवाखानेवाली तं चांगला झाला म्हणे," तो म्हणाला.

"चांगलाच हाय, काका," अंजू म्हणाली.

धावजीनं चहा तसाच ठेवला, चपला पायात घातल्या आणि तो मागं न पाहता अंगणातून निघून गेला. अंजूनं फोन उचलला. डॉक्टरला विचारू का, कधीचा ऐकलेला जुना आवाजही हे पाखरू काढत असेल, बरं झालं म्हणून आता काढला असेल, असं ती घाईघाईनं बोलत होती. रुपीबाईनं हातानंच तिला थांबवलं.

तिनं मांडीवरचा सांभार बाजूला ठेवला. धावजी गेला होता, पडवीत परका पुरुष कोणी नव्हता. तरी तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि पिंजऱ्याकडं तोंड करून नीट बसली.

"बोला," ती म्हणाली.

बादलनं तुरा उभा केला आणि मान तिरपी करून तिच्याकडं पाहिलं. पडवीतलं ऊन हळूहळू पायरीवरून उतरलं. दोघी मायलेकी ऐकत बसून राहिल्या.